एक क्लिक म्हणजे किती?

गेली तीन वर्षं रात्री साडेदहानंतर मी तास-दीड तास गाडी चालवतो. घरातलं आवरलं, मुलगा झोपला, की आतल्या खोलीत टेबलाला आवळलेलं स्टिअरिंग, पायाशी तीन पेडल आणि समोर पडदा. याला सिम रेसिंग म्हणतात. चालवणं मला बऱ्यापैकी जमतं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. तक्रार आहे ती सेटअपबद्दल. ट्रॅकवर जाण्याआधी टायरमध्ये हवा किती, चाकं किती कललेली, स्प्रिंग किती कडक, मागची विंग किती उभी, हे सगळं आपणच ठरवायचं असतं. ते अवघड आहे हे मान्य. अवघड आहे म्हणूनच मी त्याच्या मागे लागलो. पण शिकणाऱ्याच्या वाटेत जे बारीक बारीक खडे पडलेत, ते उचलायला कुणालाच वेळ नाही. मला ते रोज रात्री टोचतात.

पहिला खडा पडद्यावरच आहे. मी ज्या खेळात शिकतोय त्याचं नाव घेत नाही, कारण थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच आहे. जीटी३ वर्गातली एखादी गाडी घेतली की सेटअपच्या पानांवर मिळून पन्नासाच्या वर आकडे समोर येतात. त्यातले काही आकडे धड असतात. टायरमधली हवा पीएसआयमध्ये, गाडीची उंची मिलिमीटरमध्ये, स्प्रिंगचा कडकपणा न्यूटन प्रति मीटरमध्ये. पण पुढचा अँटी-रोल बार, म्हणजे वळताना गाडीचं झुकणं आवरणारा दांडा: ४. मागची विंग: ६. डँपर: १२. चार काय? सहा काय? बाराच्या पुढे किती आणि मागे किती? बाण दाबला की चाराचा पाच होतो आणि गाडी पूर्वीपेक्षा कडक झाली एवढंच कळतं. किती कडक झाली ते कुणी सांगत नाही. एका गाडीतला चार दुसऱ्या गाडीतल्या चाराइतका असतो का? नसतो. मग एका गाडीवर महिनाभर घाम गाळून जे कळलं, ते दुसऱ्या गाडीत बसलो की अर्धं वाया जातं. अंश दिले असते, न्यूटन दिले असते, निदान 'सर्वांत मऊच्या दीडपट' असं काही लिहिलं असतं, तर डोक्यात एक मोजपट्टी तयार झाली असती. साधी फुटपट्टी हातात घेतली तरी तिच्यावर सेंटिमीटर लिहिलेलं असतं.

दुसरा खडा शब्दांचा. डँपर म्हणजे आपल्या गॅरेजात ज्याला शॉकअप म्हणतात तो. त्याचे चार आकडे प्रत्येक चाकाला: बंप, फास्ट बंप, रिबाउंड, फास्ट रिबाउंड. हे वाचून कुणालाही वाटेल की फास्ट म्हणजे गाडी वेगात असतानाचा आणि नुसता बंप म्हणजे हळू असतानाचा. मलाही तसंच वाटलं आणि दोन महिने मी वेगवान वळणांसाठी फास्ट बंप हलवत बसलो. खरा अर्थ वेगळाच आहे. हा वेग गाडीचा नसून शॉकअपच्या आतल्या दांड्याचा आहे. गाडी ताशी २५० किलोमीटरने सरळ धावत असली तरी रस्ता गुळगुळीत असेल तर दांडा जेमतेम हलतो; आणि ७० च्या वेगाने चाक कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर, चढलं की तोच दांडा सपकन आत जातो. म्हणून ब्रेक मारल्यावर नाक खाली जाणं, वळताना गाडी झुकणं या संथ हालचाली नुसत्या बंप-रिबाउंडकडे आणि कर्ब, खड्डे फास्टकडे. हे एवढंच आहे. दोन वाक्यांत सांगून झालं. ही दोन वाक्यं त्या पानावर, त्या आकड्याशेजारी असायला काय हरकत होती? माझे दोन महिने तिथे गेले आणि माझ्यासारख्या आणखी किती जणांचे गेले असतील, हा विचार मनातून जात नाही.

हवेचंही तेच. रस्त्यावरच्या गाडीत आपण पंक्चरवाल्याकडे जातो, 'पुढे बत्तीस, मागे बत्तीस' म्हणतो, तो नळी लावतो, झालं. सिममध्ये मी वाचलं की जीटी३ च्या कोरड्या टायरला २६ ते २७ पीएसआय दाब योग्य. मी साडेसव्वीस भरून निघालो. तीन फेऱ्यांनंतर टायर अठ्ठावीसच्या वर, गाडी प्रत्येक वळणात बाहेर सरकतेय. आठवडाभराने कळलं की २६ ते २७ हा टायर तापल्यावरचा दाब आहे आणि पानावर मी भरतोय तो निघण्याआधीचा. चालवताना टायर तापतो, आतली हवा तापते, जागा तेवढीच, म्हणून दाब वाढतो. शाळेत शिकलेलं विज्ञान आहे हे. तापून किती वाढेल ते बाहेरच्या हवेवर, ट्रॅकवर आणि चालवणाऱ्याच्या हातावर अवलंबून. बाहेरचं तापमान एका अंशाने बदललं की दाब साधारण ०.१ पीएसआयने हलतो, असा ठोकताळा मुरलेली मंडळी वापरतात. म्हणजे १८ अंशांना बसवलेला दाब २८ अंशांना एक पीएसआयने चुकतो, आणि इथे एक पीएसआय म्हणजे संपूर्ण योग्य पट्टा. इतक्या नाजूक गोष्टीशेजारी 'हा थंड दाब आहे' हे तीन-चार शब्द लिहिलेले नाहीत.

आता मोठी तक्रार. तयार सेटअप.

सेटअप जमत नाही म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो हाच: कुठून तरी तयार घे. काही फुकट मिळतात, काही पैसे देऊन. मीही घेतले, पैसे मोजूनही घेतले. ज्याने तो बनवला त्याने मॉन्झाच्या ट्रॅकवर १ मिनिट ४८ सेकंदांत फेरी मारलेली असते आणि माझी १ मिनिट ५१ च्या आसपास रेंगाळते. फाइल उघडायची, गाडी निघते. रेत्तिफिलोच्या जोडवळणाशी ब्रेक दाबून स्टिअरिंग वळवलं की मागची चाकं सुटतात. दुसऱ्या लेस्मो वळणातही सुटतात. पुन्हा प्रयत्न, पुन्हा गिरकी. विचारलं तर उत्तर एकच: सेटअप चांगला आहे, तुझा हात बसू दे.

हात बसवायला माझी ना नाही. पण त्या फाइलीत आकड्यांखेरीज काहीच नसतं. बनवणारा वळणाच्या आतपर्यंत ब्रेकवर पाय ठेवतो, म्हणून त्याला मागचं अंग सैल लागतं. त्यामुळे त्याची गाडी आत वळते. मी ब्रेक लवकर सोडतो. त्याच्यासाठी जे औषध, तेच मला विष. हे त्याला ठाऊक आहे. त्याने ब्रेक बायस, म्हणजे पुढच्या-मागच्या ब्रेकमधली जोराची वाटणी, एक टक्का मागे का नेला हे तो एका ओळीत लिहू शकला असता. लिहीत नाही. हवा किती अंशांची होती तेही लिहीत नाही. टाकीत पेट्रोल किती होतं, तेही नाही. पात्रता फेरीसाठी पाच-सहा लिटर टाकून बनवलेला सेटअप मी शर्यतीला साठ लिटर भरून चालवणार. पेट्रोलचं लिटर साधारण पाऊण किलो धरा. म्हणजे चाळीस किलो जास्त. गाडीची उंची बदलते, ब्रेक मारल्यावरचा भार बदलतो, टायर जास्त तापतात. दिवाळीच्या फराळाची कृती कुणी नुसती 'रवा, साखर, तूप' अशी लिहून दिली आणि माप, आच, वेळ काहीच सांगितलं नाही, तर आपण तिला कृती म्हणत नाही.

त्या फाइलीमुळे एक शर्यतही गेली. सेटअप उघडला की त्यातलं पेट्रोलही सोबत येतं, हे मला माहीत नव्हतं. शर्यतीच्या दोन मिनिटं आधी मी बारचा एक आकडा सुधारलेला दुसरा सेटअप उघडला, टाकीत आपोआप पात्रता फेरीचं पेट्रोल आलं, आणि दुसऱ्याच फेरीत पेट्रोलचा दिवा लागला. पहिल्या पाचात होतो. पडद्यावर एक ओळ, 'पेट्रोलही बदललं आहे', एवढी पुरली असती.

सल्ले देणाऱ्यांबद्दलही बोलायला हवं, कारण ते प्रेमाने देतात आणि तरी उपयोग होत नाही. गाडीला अंडरस्टिअर आहे, म्हणजे स्टिअरिंग वळवूनही नाक बाहेर जातंय, असं म्हटलं की लगेच: पुढचा बार मऊ कर. दुसरा म्हणतो: मागचा कडक कर. तिसरा म्हणतो: विंग कमी कर. तिघंही आपापल्या ठिकाणी बरोबर असू शकतात. पण एकानेही विचारलं नाही की कुठल्या वळणात, आणि वळणाच्या कुठल्या भागात? वळणात शिरताना, ब्रेक सोडत असताना नाक जातंय तर ब्रेक बायस, पुढचा टो (चाकं आत-बाहेर किती वळलेली), पुढच्या चाकांची हवा हे बघायचं. मधोमध, ब्रेक नाही आणि अ‍ॅक्सिलरेटरही नाही अशा क्षणी जातंय तर बार आणि स्प्रिंग. बाहेर पडताना पाय दाबल्यावर जातंय तर मागे भार गेल्याने पुढची चाकं हलकी होतात का, हे पाहायचं. आणि सगळ्यात आधी: हळू वळणातच होतंय की वेगवान वळणातही? हळू वळणात विंग जवळजवळ काहीच करत नाही, कारण हवेचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग अर्धा झाला की विंगचा जोर चौथाई. म्हणून फक्त वेगवान वळणात बिघाड असेल तर बोट विंगकडे आणि गाडीच्या उंचीकडे, आणि दोन्हीकडे असेल तर स्प्रिंग-बारकडे. डॉक्टरकडे पोट दुखतंय म्हटलं तर तो आधी कुठे दुखतंय हे दाबून बघतो, जेवणाआधी की नंतर हे विचारतो. आमच्याकडे दुखतंय म्हणायच्या आत गोळी हातात.

हे सगळं ज्ञान काही गुप्त नाही. कॅरॉल स्मिथ नावाच्या अमेरिकन माणसाने 'ट्यून टु विन' हे पुस्तक १९७८ मध्ये लिहिलं. फोर्डच्या जीटी४० गाड्यांसोबत ल मांच्या मोहिमेत काम केलेला माणूस. त्या पुस्तकात आकड्यांपेक्षा कारणं जास्त आहेत. भार एका चाकावरून दुसऱ्यावर कसा जातो, बार कडक केला की त्याच टोकाच्या बाहेरच्या टायरवर जास्त भार का येतो, आणि भार दुप्पट झाला तरी पकड दुप्पट का होत नाही. हे एकदा समजलं की बारचा आकडा कुठे न्यायचा हे निम्मं आपोआप सुचतं. घरोघरी संगणक नव्हते तेव्हा लिहिलेलं पुस्तक कारण सांगतं, आणि गाडीच्या प्रत्येक चाकाचं तापमान सेकंदाला कितीतरी वेळा मोजणारा आजचा खेळ सांगत नाही. 'असेटो कॉर्सा' या गाजलेल्या इटालियन खेळाचं नावच मुळी शर्यतीचा सेटअप अशा अर्थाचं आहे. २०१४ साली तो पूर्ण स्वरूपात आला. म्हणजे या विषयाचं महत्त्व बनवणाऱ्यांना ठाऊक नाही असं कोण म्हणेल?

एक बदल, मग काही फेऱ्या, मग दुसरा बदल, हा नियम सगळे सांगतात आणि तो बरोबरही आहे. पण त्याच्या पोटात एक फट आहे आणि ती कुणी दाखवली नाही. मी बार एक क्लिक मऊ केला, दहा फेऱ्या मारल्या, वेळ चार दशांशाने सुधारली. खूश झालो. दुसऱ्या दिवशी कळलं की त्या दहा फेऱ्यांत ट्रॅकवर रबर साचत गेलं आणि पकड वाढली, शिवाय संध्याकाळ उतरत होती म्हणून डांबर थंड होत होतं, शिवाय माझाच हात त्या वळणांना सरावत होता. सुधारणा यातल्या कशाची? उपाय एकच: परत जुन्या आकड्यावर यायचं आणि पुन्हा पाच फेऱ्या मारायच्या. जुन्यावरही वेळ तेवढीच आली तर बदलाने काही झालेलं नाही. रोजच्या दीड तासात यात पाऊण तास जातो आणि हाती कधी कधी एवढंच लागतं की बारचा काही संबंध नव्हता. तेही मला चालतं, ते ज्ञानच आहे. चालत नाही ते हे, की कुठला आकडा कधी बदलला याची नोंद खेळ ठेवत नाही. फाइलींची नावं आपणच द्यायची. माझ्याकडे मॉन्झाच्या फोल्डरमध्ये 'फायनल', 'फायनल २', 'फायनल नवा' आणि 'मागचा बरा होता' अशा चार फाइली आहेत आणि त्यांच्यात फरक काय आहे हे शोधायला पन्नास आकडे दोन्हीकडे उघडून एकेक ताडून बघावे लागतात. दोन फाइली शेजारी ठेवून फरक दाखवणं ही संगणकाला सर्वांत सोपी गोष्ट आहे.

मला हे सगळं जिथे पहिल्यांदा नीट उमगलं ती जागा पडद्यासमोरची नव्हे. गेल्या उन्हाळ्यात माझ्या खऱ्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे ओढत होतं म्हणून पुण्यात धायरीकडच्या एका अलाइनमेंटवाल्याकडे गेलो. साठीचे काका. गाडी रॅम्पवर घेण्याआधी ते पुढच्या चाकाशी उकिडवे बसले आणि टायरवरून आडवा हात फिरवला. मग मला म्हणाले, "साहेब, इकडे या, हात लावून बघा." मी लावला. एका बाजूने हात सरळ सरकला, उलट बाजूने प्रत्येक कंगोऱ्याची धार बोटांना लागली. करवतीसारखी.

"टायर खातोय," काका म्हणाले. "पण कसा खातोय ते बघा. धार लागतेय म्हणजे टो गेलाय. चाक तिरकं घासत चाललंय. कँबर गेला असता तर एकच कड झिजली असती, पण हाताला गुळगुळीत लागली असती."

मी विचारलं, कँबर, म्हणजे चाकाचा कल, मुद्दाम थोडा आत ठेवला तर? त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. मग उभे राहून दोन्ही तळहात टायरसारखे धरले आणि वळणात गाडी कशी झुकते, बाहेरचं चाक कसं आपल्या बाहेरच्या कडेवर जायला बघतं, आणि आधीच थोडं आत कललेलं असेल तर त्या क्षणी कसं जमिनीवर सपाट बसतं, ते हाताने दाखवलं. "पण सरळ रस्त्यावर आतली कड खाणार," ते म्हणाले. "तुम्ही रोज कात्रजच्या घाटातच फिरणार असाल तर सांगा, तसं लावून देतो." नंतर यंत्राने छापलेला कागद दिला, डावीकडे आधीचे आकडे, उजवीकडे नंतरचे, बिघडलेले लाल, सुधारलेले हिरवे. टो अंश आणि मिनिटांत. पाचशे रुपयांत मला आधीचा आकडा, नंतरचा आकडा, एकक आणि कारण, चारही मिळाले.

त्या रात्री मी सिममध्ये टायरच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या पट्टीची तापमानं बघत बसलो. आतली पट्टी बाहेरच्यापेक्षा फार गरम म्हणजे कँबर जास्त झाला; मधली दोन्हींपेक्षा गरम म्हणजे हवा जास्त. तीन आकडे इतके दिवस माझ्यासमोर होते. काकांच्या तळहातांसारखे ते हलताना आता दिसले.

आमचा दहा-बारा जणांचा गट आहे. पुणे, नाशिक, कोल्हापूर, एक जण श्टुटगार्टला. तेव्हापासून मी ठरवलंय की कुणालाही सेटअप द्यायचा तर सोबत चिठ्ठी द्यायची. हवा किती अंश, पेट्रोल किती लिटर, मूळ सेटअपपासून काय काय हलवलं आणि प्रत्येकाचं कारण एका ओळीत. पहिली चिठ्ठी पाठवली तेव्हा दोघांनी लिहिलं की एवढं कोण वाचतं, फाइल दे. मी फाइल दिली आणि चिठ्ठी पुन्हा दिली. हे मी सोडणार नाही, कारण आमच्या गटात नवीन आलेली तीन मुलं आहेत आणि त्यांचे दोन महिने फास्ट बंपमध्ये जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

परवा स्पा या ट्रॅकचा सेटअप पाठवला होता. सात किलोमीटरचा ट्रॅक, ला सूर्सचं घट्ट वळण आणि पुऑंची ती लांब, वेगवान डावीकडची घसरण, दोन्ही एकाच फेरीत, त्यामुळे तडजोड करावीच लागते. काल रात्री कोल्हापूरच्या मुलाने तीच फाइल बदलून परत पाठवली. खाली लिहिलं होतं: "हवा २२ अंश, पेट्रोल ४० लिटर. दादा, मागची विंग एकने वाढवली. पुऑंमध्ये मागचं अंग सुटत होतं, ला सूर्समध्ये नव्हतं, म्हणून बारला हात लावला नाही."